मागून आणलेली साक्ष

प्रसिद्धी हा वैद्यकीय व्यवसायातला जुना आणि नाजूक विषय आहे. दवाखान्याची पाटी किती मोठी असावी, स्थलांतराची सूचना वृत्तपत्रात किती वेळा द्यावी, नावापुढे कोणत्या पदव्या लावाव्यात, यांवर आपल्या मंडळींत पूर्वापार वाद होत आले आहेत. आता तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणाऱ्या वैद्याचेही स्वतःचे संकेतस्थळ असते. आणि ते सुरू होऊन चार-सहा महिने होतात न होतात तोच त्याच्या ई-मेलच्या पेटीत एका विशिष्ट प्रकारची पत्रे पडू लागतात. पत्र पाठवणारा अपरिचित असतो, स्तुती भरभरून असते आणि शेवटी मागणी एकच असते : आपल्या पानावर आमच्या पानाचा दुवा द्यावा. बहुतेक जण या पत्रांकडे दुर्लक्ष करतात. काही जण भिडेपोटी होकार देतात. आणि काही जण, त्यांची संख्या वाढत आहे असे आम्हांस दिसते, अशीच पत्रे स्वतःच्या नावाने इतरांना पाठवण्याचे काम पैसे देऊन एखाद्या एजन्सीकडे सोपवतात. या तिसऱ्या प्रकाराविषयी आम्हांस मुख्यतः लिहावयाचे आहे. परंतु तेथवर जाण्यासाठी आधी ही मागणी मुळात का होते हे पाहिले पाहिजे.

स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोघांनी १९९८ साली गूगल कंपनी स्थापन केली. त्यापूर्वीची शोधयंत्रे मुख्यतः पानावरील शब्द पाहत असत. 'संधिवात' हा शब्द एखाद्याने आपल्या पानावर शंभर वेळा लिहिला तर ते पान वर येण्याची शक्यता वाढे. पेज आणि ब्रिन यांनी निराळा विचार केला. एखादे पान स्वतःविषयी काय सांगते याहून इतर पाने त्याच्याविषयी काय सांगतात हे अधिक विश्वसनीय, हे त्यांचे सूत्र. एका पानाने दुसऱ्याचा दुवा दिला म्हणजे त्याच्या बाजूने साक्ष दिली. आणि ज्याच्या बाजूने पुष्कळांची साक्ष आहे, त्याने दिलेल्या साक्षीचे वजन अधिक. या गणिताला त्यांनी पेजरँक हे नाव दिले. मूळ कल्पना शास्त्रीय नियतकालिकांच्या जगातली होती. कोणत्या शोधनिबंधाचा संदर्भ पुढे किती निबंधांनी दिला याची सूची यूजीन गारफील्ड यांनी १९६० च्या दशकातच प्रसिद्ध करावयास सुरुवात केली होती. आपल्यापैकी ज्यांनी एम.डी.चा प्रबंध लिहिला आहे त्यांना संदर्भाची ही किंमत ठाऊक आहे, आणि परस्परांचे संदर्भ देऊन ती कशी वाढवली जाते हेही काहींना ठाऊक असेल. असो.

आयुर्वेदाच्या अभ्यासकाला ही कल्पना परकी वाटू नये. चरकाचार्यांनी मानलेल्या चार प्रमाणांत आप्तोपदेश आहे, आणि आप्त म्हणजे रज-तमापासून मुक्त असा पुरुष, ज्याला असत्य बोलण्याचे कारणच उरलेले नाही. आप्ताच्या वचनाचे मूल्य त्याच्या या निःस्वार्थ स्थितीवर उभे आहे. दुव्याचे मूल्यही त्याच अटीवर उभे आहे. एखाद्या प्राध्यापकाने आपल्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडावे म्हणून एखाद्या पानाचा दुवा दिला तर ती साक्ष होय. तोच दुवा त्याने दोन हजार रुपये घेऊन दिला, किंवा कोणी स्तुती केली म्हणून दिला, तर साक्ष संपली. फक्त तिचा आकार उरला. यंत्राला हा फरक तत्काळ कळत नाही. तो कळेपर्यंत जी मुदत मिळते, तिच्यावर हा सारा धंदा चालतो.

सूत्रस्थानाच्या तिस्रैषणीय अध्यायात वैद्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील छद्मचर वैद्य आणि खरा जीविताभिसर वैद्य यांची चर्चा आपण वारंवार करतो. मधल्या सिद्धसाधिताकडे मात्र फारसे लक्ष देत नाही. धन, कीर्ती आणि ज्ञान यांनी सिद्ध झालेल्यांच्या नावाचा आधार घेऊन, स्वतः तसा नसताना, वैद्य ही संज्ञा मिळवतो तो सिद्धसाधित. दुसऱ्याच्या प्रतिष्ठेला स्वतःचे नाव जोडून घेणे, एवढेच त्याचे कर्तृत्व. आज ज्याला 'लिंक बिल्डिंग' म्हणतात त्याचे वर्णन याहून नेमके आम्हांस तरी सुचत नाही. त्याच स्थानातील दशप्राणायतनीय अध्यायात रोगाभिसर वैद्यांची वागणूक सांगितली आहे. कोणी आजारी असल्याचे कानी येताच ते सभोवार घिरट्या घालतात, ऐकू जाईल अशा बेताने स्वतःचे गुण सांगतात, चालू असलेल्या चिकित्सेचे दोष काढतात, रुग्णाच्या मित्रांना गोड बोलून वश करतात आणि आपली अपेक्षा अगदी थोडी असल्याचे दाखवतात. बोलावणे नसताना येणे, स्तुती करणे, इतरांची उणी दाखवणे आणि 'फक्त एक छोटीशी विनंती' करणे, हा क्रम त्या पत्रांत जसाच्या तसा आढळतो.

आता पत्रे पाहू. आमच्याकडे आलेल्या एका पत्रात 'आपल्या अभ्यासपूर्ण लेखाने आम्ही भारावलो' असे म्हटले होते. ज्या पानाचा पत्ता त्यात दिला होता ते दवाखान्याच्या वेळा आणि साप्ताहिक सुटी यांचे पान होते. दुसऱ्या एका पत्रात 'प्रिय' या शब्दापुढे नाव यावयाचे तेथे रिकामा महिरपी कंस राहून गेला होता. अशा पत्रांना उत्तर न दिल्यास चौथ्या दिवशी 'माझे पत्र पाहिलेत का', आठव्या दिवशी 'आपण कामात असाल याची कल्पना आहे', पंधराव्या दिवशी 'हे माझे शेवटचे पत्र' अशी साखळी येते. आणि महिन्याने शेवटच्या पत्रानंतरचेही एक येते. हे सारे यंत्राने आधीच लावून ठेवलेले असते. पाठवणाऱ्याने पहिलेच पान उघडलेले नसते, मग उत्तर आले नाही याची खंत त्याला कोठून असणार?

पूर्वी या पत्रांतील चुकांवरून ती ओळखू येत. गेल्या दोन-तीन वर्षांत तेही कठीण झाले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता पान खरोखर वाचतात, त्यातील एखादे वाक्य उचलतात आणि त्याची अशी नेमकी प्रशंसा करतात की लिहिणाऱ्याला धन्य वाटावे. 'विरेचनापूर्वीच्या स्नेहपानाविषयी आपण तिसऱ्या परिच्छेदात मांडलेला मुद्दा' असे कोणी लिहिले तर कोणता वैद्य विरघळणार नाही? एवढेच की तो मुद्दा कोणा माणसाने वाचलेला नसतो.

पत्रांच्या तऱ्हा अनेक आहेत. त्यांतील सर्वांत प्रचलित म्हणजे 'आम्ही आपल्यासाठी विनामूल्य लेख लिहून देतो'. लेख सामान्य असतो, इतरत्र पाचशे वेळा आलेला मजकूर उलटसुलट करून लिहिलेला, आणि त्याच्या पोटात कोठेतरी एका विक्रेत्याचा दुवा दडलेला. गूगलमध्ये या विषयाचे प्रमुख असलेले मॅट कट्स यांनी २०१४ च्या जानेवारीतच जाहीरपणे लिहिले होते की, दुव्यांसाठी असे पाहुणे लेख छापण्याची पद्धत आता इतकी बिघडली आहे की ती थांबवावी. ती थांबलेली नाही. दुसरी तऱ्हा शिष्यवृत्तीची : विद्यापीठांच्या पानांवरील दुव्याला वजन असते, म्हणून अमेरिकेत अनेक दुकानदारांनी लहानशा शिष्यवृत्त्या जाहीर करून त्यांची नोंद विद्यापीठांच्या पानांवर मिळवली. तिसरी तऱ्हा धाकाची. आपल्या पानावरील छायाचित्र आमच्या मालकीचे आहे, कारवाई नको असेल तर श्रेय म्हणून आमचा दुवा द्या, असे वकिली भाषेतील पत्र येते. छायाचित्र अर्थातच त्यांचे नसते. ज्याने स्वतःच्याच अंगणातल्या गुळवेलीचे छायाचित्र काढले आहे, तोही अशा पत्राने क्षणभर दचकतो.

एक तऱ्हा मात्र मुळात वाईट नाही. आपल्या पानावर दिलेला एखादा दुवा कालांतराने मृत होतो. ते संकेतस्थळ बंद पडते किंवा पत्ता बदलतो. कोणी ते दाखवून दिले आणि त्याच विषयावरील दुसरे चांगले पान सुचवले, तर तो उपकारच आहे. पण हातात हत्यार आले की सगळीकडे तेच चालवावयाचे, या न्यायाने याचीही वाट लागली आहे. मृत दुवा हैदराबादच्या राष्ट्रीय भारतीय चिकित्सा संपदा संस्थानाच्या पानाचा असतो आणि त्या जागी सुचवले जाते ते केस गळतीवरील तेल विकणाऱ्याचे पान. या संस्थानाने संहितांचे पाठ महाजालावर खुले केले, तेव्हा विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी जागोजाग त्यांचे दुवे दिले. त्यासाठी संस्थानाने कोणाला पत्र लिहिले नव्हते. पाठ हवा होता, तो मिळाला, म्हणून लोकांनी इतरांना वाट दाखवली.

येथवर हा उपद्रव किरकोळ वाटेल. पत्र आले, पुसून टाकले, विषय संपला. परंतु आम्हांस आलेल्या एका पत्राची हकीकत सांगितल्यावाचून याचे गांभीर्य लक्षात येणार नाही. प्रमेहाच्या पथ्यापथ्यावर आम्ही साध्या भाषेत एक टिपण लिहिले होते. त्यातील 'औषध' या एका शब्दावर दुवा बसवू द्यावा, त्याबद्दल रक्कम मिळेल, लेखात दुसरा काहीही बदल नको, असे ते पत्र होते. ज्या पानाचा दुवा हवा होता ते आम्ही उघडून पाहिले. तेथे एक चूर्ण विकले जात होते, त्यातील घटकांची पूर्ण यादी नव्हती, आणि तीन महिन्यांत इन्सुलिन कायमचे सुटेल असे आश्वासन होते. टाइप-१ मधुमेहाच्या रुग्णाने या आश्वासनावर इन्सुलिन थांबवले तर त्याचे काय होते हे या अंकाच्या वाचकांना सांगावयास नको. मधुमेह हा १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार आक्षेपार्ह जाहिराती कायद्याच्या अनुसूचीत आहे. तो बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात देणे हा गुन्हा आहे. त्या विक्रेत्याला आमच्या वाचकांकडून गिऱ्हाइके मिळतील अशी फारशी आशा नसावी. त्याला हवी होती ती आमच्या पानाची साक्ष. अशा पन्नास वैद्यांच्या साक्षी त्याने जमवल्या की 'मधुमेह औषध' असे शोधणाऱ्या माणसापुढे त्याचे पान वर येण्याची शक्यता वाढते. पैसे घेऊन होकार देणाऱ्या वैद्याला तो रुग्ण कधी दिसणारही नाही. शिवाय आज दुव्याच्या टोकाला जे पान आहे ते उद्या तेच राहील याची खात्री नसते. साधे आहारविषयक पान दाखवून दुवा मिळवावयाचा आणि नंतर तेथे दुकान मांडावयाचे, हे सहज करता येते.

आता त्या तिसऱ्या प्रकाराकडे वळू. आमच्या परिचयातील एका वैद्यांनी मोठ्या शहरातील एका एजन्सीला दरमहा ठरावीक रक्कम देऊन 'तीन महिन्यांत पहिल्या पानावर' असा करार केला. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गूगलने आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवले आहे. पण ते कोण वाचतो? एजन्सीने वैद्यांच्या नावाने एक ई-मेल उघडला आणि शेकडो पत्रे धाडली. त्यांतले एक त्यांच्याच गुरुजींना गेले. गुरुजी कायचिकित्सेचे निवृत्त प्राध्यापक; आपल्या व्याख्यानांची टिपणे त्यांनी एका साध्या संकेतस्थळावर ठेवली आहेत आणि ती विद्यार्थ्यांत बरीच वाचली जातात. पत्र इंग्रजीत होते, 'प्रिय वेबमास्टर' अशी सुरुवात होती, टिपणांची स्तुती होती आणि दुव्याबद्दल मोबदला देण्याची तयारी दर्शवली होती. गुरुजींनी दूरध्वनी केला. "अरे, वेबमास्टर काय म्हणतोस मला? बारा वर्षे माझ्या ओ.पी.डी.त बसायचास." शिष्य गोंधळले, त्यांना पत्राचा पत्ताच नव्हता. "सर, ते मी लिहिलेलं नाही, ते एजन्सीवाल्यांनी..." यावर गुरुजी एवढेच म्हणाले, "खाली सही तुझी आहे." त्यानंतरही आठवण देणारी दोन पत्रे गुरुजींना गेलीच, कारण ती आधीच लावून ठेवलेली होती.

'ते एजन्सीने केले' हे उत्तर नवे नाही आणि ते टिकतही नाही. २०११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने जे. सी. पेनी या अमेरिकेतील प्रचंड मोठ्या विक्रेत्याचे असेच प्रकरण उघडकीस आणले. कपडे, अंथरुणे, गालिचे, काहीही शोधले तरी गूगलवर पेनीचे पान पहिले येत होते. तपास करता दोन हजारांवर असंबद्ध पानांवर पेनीचे दुवे पेरलेले आढळले. आपल्या संमतीने हे झाले नाही असे कंपनीने सांगितले आणि हे काम पाहणाऱ्या सल्लागारांना काढून टाकले. गूगलने शिक्षा मात्र कंपनीच्याच पानांना केली. प्रवासी बॅगेच्या एका शोधात सायंकाळी सात वाजता पहिल्या क्रमांकावर असलेले पान दोन तासांनी एकाहत्तराव्या क्रमांकावर होते. दोन वर्षांनी, २०१३ च्या फेब्रुवारीत, ब्रिटनमधील इंटरफ्लोरा या फुलविक्रेत्या कंपनीवर तीच पाळी आली. तिने अनेक प्रादेशिक वृत्तपत्रांत लेखवजा जाहिराती देऊन दुवे मिळवले होते. काही दिवस तिच्या स्वतःच्या नावाने शोधले तरी ती सापडेना. आणि येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, केवळ दुवे घेणारी कंपनीच नव्हे, दुवे विकणाऱ्या वृत्तपत्रांच्या पानांचेही वजन उतरले. घेणारा आणि देणारा, दोघांची साक्ष बाद झाली.

दरम्यान २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने 'पेंग्विन' नावाचा बदल अमलात आणला होता. बनावट दुव्यांवर उभी असलेली पाने खाली ढकलणे हा त्याचा हेतू होता. इंग्रजीतील सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. त्यानंतरचा प्रकार मोठा गमतीचा आहे. ज्यांनी दुवे मागण्यासाठी पत्रे लिहिली होती, तेच आता 'कृपया आमचा दुवा काढून टाका' अशी पत्रे लिहू लागले. त्यांचाही सूर तोच, आठवणपत्रांची साखळीही तीच. कोणी पैसे देऊ करी, कोणी कारवाईची भीती घाली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलने नको असलेले दुवे नाकारण्याचे एक साधनच उपलब्ध करून दिले. पुढे २०१६ च्या सप्टेंबरपासून धोरण थोडे बदलले : बनावट दुव्यांबद्दल सरसकट शिक्षा करण्याऐवजी ते मोजायचेच नाहीत, असे बहुतांशी ठरले. म्हणजे आज एखाद्या वैद्याने एजन्सीला दिलेले पैसे बहुधा शिक्षेस कारण होणार नाहीत. ते नुसते वाया जातील. पाठवलेली शेकडो पत्रे मात्र त्याच्या नावावर राहतील.

आमचे काही तरुण सहकारी यावर म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, की प्रामाणिक वैद्याने गप्प बसावे आणि चूर्णविक्यांनी वरचे स्थान पटकवावे, हा कोणता न्याय? रुग्ण शोधतो तेव्हा त्याला चांगला वैद्य सापडावा, यासाठी काहीतरी करावयास नको काय? करावयास हवे. परंतु लहान गावातील वैद्याला नेमके काय हवे आहे हे आधी पाहावे. त्याचा रुग्ण संगमनेरचा किंवा सावंतवाडीचा असतो; न्यूझीलंडमधील बागकामाच्या पानावरचा दुवा त्याला कोणत्या कामाचा? स्थानिक शोधांत गूगल मुख्यतः तीन गोष्टी पाहते, असे ते स्वतः सांगते : विचारलेल्या गोष्टीशी संबंध, अंतर, आणि त्या स्थळाची ख्याती. नकाशावर दवाखान्याचा पत्ता अचूक असणे, वेळा खऱ्या असणे, दूरध्वनी उचलला जाणे, उपचारांची माहिती मराठीत स्वच्छ लिहिलेली असणे, यांनी जे होते ते पाचशे परकी दुव्यांनी होत नाही. हे काम कंटाळवाणे आहे आणि यात एजन्सीला मोठी रक्कम मागता येत नाही, म्हणून ते कोणी सुचवत नाही.

आरोग्यविषयक पानांकडे शोधयंत्रे अधिक कठोरपणे पाहतात, हेही या सहकाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. ज्या माहितीने माणसाच्या जिवाला किंवा पैशाला धक्का बसू शकतो, तिच्यासाठी गूगलच्या परीक्षकांना निराळे, वरच्या पातळीचे निकष दिलेले आहेत; २०१८ च्या ऑगस्टमधील बदलात अनेक आरोग्यविषयक संकेतस्थळे एकदम खाली आली होती. लेखक कोण, त्याची नोंदणी कोठे, त्याचा अनुभव काय, हे पानावर स्पष्ट लिहिलेले असणे आज मोलाचे आहे. बी.ए.एम.एस. होऊन वीस-वीस वर्षे रुग्ण तपासणाऱ्या माणसाने आपले नाव आणि नोंदणी क्रमांक लपवून बनावट साक्षी गोळा कराव्यात, हे अजब आहे.

दुसऱ्याला पत्र लिहूच नये, असे आमचे म्हणणे नाही. तद्विद्यसंभाषेचा महिमा विमानस्थानात सांगितला आहे, आणि समव्यवसायी माणसाला आपले काम दाखवणे हा तिचाच भाग आहे. एखाद्याने शतावरीच्या बाजारातील भेसळीवर स्वतः नमुने तपासून टिपण लिहिले असेल, तर द्रव्यगुणाच्या चार अध्यापकांना त्याने जरूर कळवावे. पत्र स्वतः लिहावे, त्यांचे लेखन खरोखर वाचून लिहावे, आपण कोण आणि या टिपणामागे कोणा औषधनिर्मात्याचा पैसा आहे की नाही हे सांगावे, आणि एकदाच लिहावे. उत्तर आले नाही म्हणजे नकार आला, इतके समजावे. असे पत्र वर्षाकाठी दहा-बारा माणसांना जाईल. एजन्सीच्या तक्त्यात ही संख्या हास्यास्पद ठरेल.

आलेले पत्र पारखण्याची एक सोपी कसोटीही आहे, ती येथे देतो. दुव्याला एक खूण लावता येते, जिच्यामुळे तो वाचकाला चालतो पण शोधयंत्राला साक्ष म्हणून मोजू नये असे कळते. नोफॉलो नावाची ही खूण २००५ च्या जानेवारीत आली, आणि पैसे घेऊन दिलेल्या दुव्यांसाठी स्पॉन्सर्ड ही स्वतंत्र खूण २०१९ मध्ये. जाहिरात करणे गुन्हा नाही. ज्याला खरोखर वाचक हवे आहेत त्याला या खुणेची अडचण नसते. म्हणून असे पत्र आले की उत्तरात एवढेच कळवावे की, दुवा स्पॉन्सर्ड अशी खूण लावून आणि 'जाहिरात' असे वर स्पष्ट लिहून दिला जाईल. आमचा अनुभव असा की, त्यानंतर पत्रव्यवहार बंद होतो. आठवणपत्रेसुद्धा येत नाहीत.

ज्यांनी आधीच एजन्सी नेमली आहे त्यांनी करारात दोन ओळी घालून घ्याव्यात. आपल्या नावाने जाणाऱ्या प्रत्येक पत्राची प्रत जाण्यापूर्वी आपल्याला दाखवली जाईल. आणि मिळवलेल्या प्रत्येक दुव्याचा पत्ता, त्यासाठी दिलेल्या रकमेसह, महिन्याच्या शेवटी लेखी मिळेल. पहिल्याच महिन्याची यादी घेऊन बसावे आणि त्यांतील दहा पाने उघडून पाहावीत. एका बाजूला जुगाराची जाहिरात, दुसऱ्या बाजूला कर्जाची, आणि मध्ये आपल्या पंचकर्म केंद्राचे नाव, असे दृश्य तीन-चार ठिकाणी दिसल्यास करार पुढे चालवावयाचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

राहता राहिली महाविद्यालयांची आणि शाखांची गोष्ट. परिसंवाद, शिबिरे, रौप्यमहोत्सव यांच्यासाठी स्वतंत्र नावे नोंदवून संकेतस्थळे काढली जातात आणि कार्यक्रम संपला की त्यांचे नूतनीकरण कोणी करत नाही. ती नावे मोकळी होताच दुव्यांचे व्यापारी ती विकत घेतात, कारण विद्यापीठांनी आणि वृत्तपत्रांनी त्यांना दिलेले जुने दुवे अद्याप शाबूत असतात. गूगलने २०२४ च्या मार्चमध्ये हा प्रकार आपल्या नियमांत गैरवापर म्हणून नमूद केला आहे, पण नाव एकदा गेले की परत मिळणे कठीण. आपापल्या संस्थेच्या नावावर अशी किती जुनी नावे आहेत, त्यांची मुदत केव्हा संपते, आणि त्यांचा पासवर्ड परिसंवादाच्या वेळी मदतीला आलेल्या कोणत्या माजी विद्यार्थ्याकडे राहिला आहे, याची यादी प्रत्येक शाखेच्या चिटणीसांनी येत्या वार्षिक सभेपूर्वी करून ठेवावी. नूतनीकरणाचा खर्च स्मरणिकेच्या एका पानाच्या जाहिरातीतून सहज निघण्यासारखा असतो.